गिटार क्रमांक अडतीसची शिवण आणि इतर मालमत्ता

मी, रॉड्रिक जेम्स पेंगेली, वय अठ्ठावन्न वर्षे चार महिने, धंदा लोखंडी धडाच्या विजेच्या गिटारी घडवणे, राहणार वायॲला, दक्षिण ऑस्ट्रेलिया, आज शुक्रवार दिनांक १४ जून २०१९ रोजी न्याहारी उरकून, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हा कागद लिहायला बसलो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी आत्ताच मी या टेबलाच्या फळीची जाडी नुसत्या नजरेने साडेबावीस मिलिमीटर सांगितली आणि मग कॅलिपर लावला, तर बावीस पूर्णांक चार भरली. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. माझी थोरली बहीण वेंडा समोर बसून "लिही, लिही" म्हणते आहे, पण ती जन्मभर तेच म्हणत आली आहे. त्याला कायदा दडपण म्हणत नाही.

कारण असं, की येत्या गुरुवारी ॲडलेडच्या इस्पितळात माझ्या छातीचा पिंजरा उघडून हृदयाजवळच्या तीन तुंबलेल्या नळ्यांना वळसा घालणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातले अठ्ठ्याण्णव उठून घरी जातात. मी विचारलं, उरलेल्या दोघांच्या कामात नेमकी काय चूक झाली? त्यांना सांगता आलं नाही. ज्या कारागिराला आपल्या दोन फसलेल्या कामांचं कारण ठाऊक नाही, त्याच्या हाती स्वतःला सोपवण्याआधी माणसाने लिहून ठेवलेलं बरं.

यापूर्वी मी १९९८ साली बोलिंग क्लबात बिअरच्या पुठ्ठ्यावर एक मृत्युपत्र करून सर्व काही फोतिस वासिलियाडिस याला देऊन टाकलं होतं. ते या लेखाने रद्द. कारण कलम पाचमध्ये येईल.

वाचणाऱ्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून आधीच सांगतो: या कागदात अडचणीचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे मागच्या अंगणातली शेड कुणाला जावी. तो मी मुद्दाम आठव्या कलमापर्यंत ढकलला आहे. तोवर हात गरम होईल.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वेंडाने करावी. ती चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती आणि तिला कुणाची दया येत नाही. या कामाला असंच माणूस लागतं.

कलम दोन. राहतं घर वेंडाला, ती हयात असेपर्यंत. नवरा गेल्यापासून ती इथेच राहते आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे, तेव्हा हे कलम फक्त वस्तुस्थिती नोंदवतं. तिच्या पश्चात घर माझी मुलगी टेगन हिला जावं. घराला बाहेरून पांढरा रंग देण्याची टूम कुणीही काढू नये. या गावात पोलाद कारखान्याच्या बाजूने लाल धूळ घेऊन वारा आला की दोन वर्षांत पांढरं घर गुलाबी होतं, आणि मग ते गुलाबी असल्याचं दुःख करत बसावं लागतं. मी पहिल्यापासूनच विटकरी दिला. शेजारच्या मिसेस ओग्रेडी अजून पांढरा देतात.

कलम तीन. बँकेतली शिल्लक टेगनला. फार नाही. हे कलम इथेच संपलं.

कलम चार. माझी पूर्वीची पत्नी लिनेट, सध्या राहणार पोर्ट लिंकन, हिला तिचं लाटणं परत करावं. ते बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं, मूळ तिच्या आजीचं. १९९५ साली मी ते गिटार क्रमांक सहाच्या पाठीच्या पत्र्याला बाक देण्यासाठी वापरलं, कारण त्याची त्रिज्या अचूक होती. नंतर धुऊन जागेवर ठेवलं, तरी त्या रविवारच्या पेस्ट्यांत, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांत, लोखंडाचा कीस निघाला आणि लिनेटच्या आईच्या दाताचा तुकडा पडला. लिनेट त्यानंतरही नऊ वर्षं माझ्याजवळ राहिली. हे तिच्या थोरपणाचं लक्षण आहे आणि ते मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे म्हणतो. तिचा आताचा नवरा ट्यूना पकडतो, माणूस भला आहे, पण त्याला साधा स्क्रू सरळ पिळता येत नाही. त्यांच्या फाटकाची बिजागरी मी दोनदा बघितली आहे.

कलम पाच. माझा मित्र फोतिस, वीजतंत्री, याला माझं विजेचं मीटर, चामडी पिशवीसह. मात्र एका अटीवर.

२००० सालच्या जून महिन्यात फोतिस बोलिंग क्लबात माझी क्रमांक चौदा गळ्यात अडकवून गायला उभा राहिला. पहिल्याच ओळीला त्याचा ओठ माइकला लागला, निळी ठिणगी उडाली आणि तो मागे ढोलांवर जाऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे.

"तुझी गिटार मला चावली!" तो उठता उठता ओरडला.

"गिटार नाही चावली, तुझं वायरिंग चावलं. या क्लबाचं वायरिंग कुणी केलं, सांग बघू सगळ्यांना."

"लोखंड तुझं, ओठ माझा, आणि दोषही माझाच? वा रे वा!"

लाकडी गिटारीत एक तार इकडची तिकडे झाली तर नुसती गुणगुण ऐकू येते. लोखंडी गिटारीचं सगळं धडच अर्थिंगला जोडलेलं असतं. गिटार निर्दोष असली, तरी समोरचा माइक भलत्या सॉकेटवर असेल तर वाजवणारा मधल्या मध्ये फ्यूज बनतो. चौदा नंबरचं अर्थिंग मी तीनदा तपासलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन क्लबात गेलो. स्टेजच्या डाव्या सॉकेटची अर्थिंगची तार सुटलेली होती. फोतिस म्हणतो, उंदराने कुरतडली. गेली एकोणीस वर्षं दर गुरुवारी तो माझ्याकडे कॉफी प्यायला येतो आणि गेली एकोणीस वर्षं तो उंदीर जिवंत आहे. तर अट अशी: मीटर ताब्यात घेण्यापूर्वी फोतिसने क्लबात चार सभासदांसमोर उभं राहून "उंदीर नव्हता" एवढे दोन शब्द उच्चारावेत. म्हणाला नाही तरी मीटर त्यालाच द्यावं, कारण गावात ते नीट वापरणारा दुसरा कुणी नाही. पण ही शेवटची सवलत त्याला आधी सांगू नये.

कलम सहा. माझ्या हातून एकूण एकेचाळीस गिटारी घडल्या. प्रत्येकीच्या आत पाठीमागे "आर. पी." असा शिक्का आणि क्रमांक आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. कारखान्यात मी रोलिंग मिलच्या दुरुस्तीवर होतो, तिथे गिटारी लाटत नाहीत. पहिली मी जुन्या पाण्याच्या टाकीच्या पत्र्याची केली. ती साडेनऊ किलो भरली. फोतिसने ती उचलून बघितली आणि विचारलं, "हिला कुलूप कुठे लावायचं?" क्रमांक चारपर्यंत मला वजन कळलं, नऊपर्यंत आवाज कळला, आणि सतरापर्यंत हे कळलं की गंज हा शत्रू नसून नोकर आहे, फक्त त्याला वेळेवर थांबवता आलं पाहिजे.

ज्यांच्याकडे माझ्या गिटारी आहेत त्यांना शेवटचं बजावतो, कारण निम्मे लोक अजून चुकतात. वाजवण्यापूर्वी पंधरा मिनिटं गिटार पोटाशी धरून बसा. थंड पोलादावर सूर जुळवलात तर तिसऱ्या गाण्यापर्यंत धड तापेल, सूर सरकतील, आणि तुम्ही म्हणाल पेंगेलीची गिटार बेसूर आहे. पेंगेलीची गिटार बेसूर नाही, तुम्ही उतावळे आहात.

क्रमांक तेवीसबद्दल स्वतंत्रपणे. माझी पद्धत अशी होती की पत्र्याचं धड तयार झालं, की ते पॉइंट लोलीपाशी समुद्रात दोरीने अकरा दिवस बुडवून ठेवायचं. खारं पाणी जी नक्षी काढतं ती कुठल्याही तेजाबाला जमत नाही. (हे कायद्यात बसतं का असं कुणी विचारलं, तर मी मेलो आहे असं सांगावं.) २००३ साली मी घाईत तेवीस नंबर जूनमध्ये सोडला. जूनमध्ये तिथे माकूळ येतात, हजारोंनी, अंडी घालायला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाराव्या दिवशी मी दोर ओढायला वाकलो. टेगन तेव्हा अकरा वर्षांची होती, ती गॉगल लावून पाण्यात डोकं घालून बसली होती. ती वर येऊन म्हणाली, "बाबा, ओढू नकोस. आत कुणीतरी राहायला आलंय."

धडाच्या भोकातून आत जाऊन एका माकुळीने छताला लिंबांसारखी पांढरी अंडी लटकवली होती. मी म्हटलं, गिऱ्हाईक थांबलंय. टेगन म्हणाली, "तीही थांबलीये." मग काय करणार? ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते धड पाण्यातच राहिलं. बाहेर काढलं तेव्हा खालची कड जाळीसारखी झाली होती आणि गिऱ्हाइकाने घ्यायला नकार दिला. माझ्या मते ती माझी सर्वांत सुंदर गिटार आहे, आणि तिच्या रूपात माझा वाटा निम्म्याहून कमी आहे. ती गावच्या वाचनालयाला द्यावी. त्यांनी दोनदा मागितली आहे. काचेच्या कपाटात ठेवावी, पण तारा सैल करू नयेत.

कलम सात. माझ्या शरीराचं काय करायचं ते वेंडाने ठरवावं. अंत्यविधीत कुणाला वाजवायचं असेल तर हरकत नाही, पण पोटाशी धरून पंधरा मिनिटं आधी बसावं. लोक थांबतील. मला तर घाई नसेलच.

कलम आठ. मागच्या अंगणातली शेड, तिच्यातला लेथ, ड्रिल मशीन, पत्रा वाकवायचं यंत्र, वेल्डिंगचे दोन्ही संच, सत्तावीस कानशी आणि माझा शिक्का, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी टेगन, वय सत्तावीस, धंदा वेल्डिंग, सध्या राहणार पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजाच्या गोदीजवळ, हिला मिळावं. अट एकच. शेडमध्ये बनणाऱ्या प्रत्येक गिटारीची वेल्डिंगची शिवण घासून सपाट करावी. बोट फिरवलं तर लागता कामा नये, उजेडात तिरकी धरली तर दिसता कामा नये. ही अट मान्य नसल्यास सर्व सामान वजनावर भंगारात विकावं.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा वेंडाने कागद माझ्या हातून ओढला आणि शाळेत पेपर तपासायची तसा वाचला.

"ही अट काढ," ती म्हणाली.

"का? चांगली अट आहे. सांधा दिसला म्हणजे काम अपुरं राहिलं."

"पोरीने साडेतीन वर्षं या घरात पाऊल टाकलं नाही ते याच अटीपायी. आता मेल्यावरही तेच सुनावणार?"

"मेल्यावर तरी ऐकेल."

"रॉडी, तुझ्या नळ्या उगाच नाही तुंबल्या." मग तिने कागद परत सरकवला. "काय झालं होतं ते लिही इथे. तोंडाने सांगतोस तेव्हा दर वेळी तूच बरोबर असतोस. कागदावर लिहिलंस तर तुला ते वाचावं लागेल."

तेव्हा लिहितो.

२०१५ च्या नाताळात टेगन सुट्टीवर आली आणि तिने या शेडमध्ये स्वतःची पहिली गिटार केली. सव्वा मिलिमीटरचा पोलादी पत्रा, धड पोकळ, पुढे पाठीमागे किंचित फुगीर. मी मुद्दाम सहा दिवस आत गेलो नाही. सातव्या दिवशी बघितलं. मापं बरोबर होती. मानेची खाच माझ्याहून बरी बसली होती. पण चारी कडांनी वेल्डिंगची शिवण तशीच ठेवली होती, उघडी. मासळीच्या पाठीवर खवले असतात तसा टाक्यावर टाका, सगळे एका मापाचे. मी मोजले. एका इंचात अकरा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत अकराच.

मी म्हटलं, "छान. आता घासायची कधी?"

"घासायची नाहीये, बाबा."

मला वाटलं ती दमली असेल. रविवारी ती आईला भेटायला पोर्ट लिंकनला गेली. मी ग्राइंडर घेतला, मग कानस, मग पॉलिश पेपर, मग चामडं. नऊ तास लागले. शिवण नाहीशी केली. आरशासारखी गिटार. तिच्या पाठीत आत शिक्का मारला, आर. पी., अडतीस. या गावात कुणालाही न मिळालेला मान मी माझ्या मुलीला देतो आहे अशी माझी समजूत होती, आणि ती परत येईपर्यंत मी शिट्टी वाजवत होतो.

ती सोमवारी आली. गिटारीकडे बघत उभी राहिली. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, संपूर्ण.

"माझं काम कुठे गेलं?" तिने विचारलं.

"हे काय, समोर आहे. नीट केलंय."

"हे तुझं काम आहे, बाबा. माझं जमिनीवर पडलंय." तिने खाली बघितलं. तिथे कीस पडला होता.

गिटार बाकावर ठेवून ती गेली. त्यानंतर नाताळला एक फोन आणि माझ्या वाढदिवसाला एक. आम्ही हवामानाबद्दल बोलतो. तिच्याकडचं हवामान मला तिथल्या वेधशाळेइतकं पाठ झालं आहे.

वेंडाने हे वाचलं. पेन पुन्हा माझ्या हातात दिलं. म्हणून पुढचंही लिहितो, जे तिलाही माहीत नाही.

गेले चौदा महिने मी ती शिवण परत घालायचा प्रयत्न करतो आहे. अडतीस नंबरवर थेट हात टाकायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांवर सराव केला. सत्तर अँपिअर, बारीक नोझल, डोक्यावरच्या मुखवट्याला नवीन काच. माझा टाका एका इंचात कधी नऊ पडतो, कधी तेरा. मधेच पत्रा वितळून भोक. अशा एकसष्ट पट्ट्या वेल्डिंगच्या संचाखालच्या बादलीत आहेत, प्रत्येकीवर तारीख घातलेली. मी ज्याला अपुरं म्हणालो ते मला पुरं करता येत नाही. हे मी शुद्धीत लिहितो आहे.

अट खोडली.

पण अट खोडून प्रश्न सुटत नाही. टेगनला शेड नको असेल तर दुसरं कुणी नाही. फोतिसला कानस आणि करवत यांतला फरक कळत नाही. तिने नाही म्हटलं, तर भंगारवाला येईल, आणि आर. पी. शिक्का एका पोत्यात जुन्या नळांबरोबर जाईल. तिला विचारायला पाहिजे, हे मला कळतं. सहा दिवसांनी छाती उघडणार आहेत, आणि एवढा एक फोन उचलायला माझा हात होत नाही.

आज इथेच थांबतो.

पुरवणी, रविवार दिनांक १६ जून.

माझ्या बहिणीने माझ्या परवानगीशिवाय या मृत्युपत्राच्या आठव्या कलमाचे फोनवर फोटो काढून टेगनला पाठवले. यावर काय कारवाई करावी याचा मी दोन दिवस विचार करणार होतो. तेवढा वेळ मिळाला नाही. आज सकाळी अकराला फोन वाजला.

"बाबा."

"टेगन. तिकडे थंडी किती आहे?"

"थंडीचं नंतर. सत्तर अँपिअर?"

"काय?"

"आत्याने पान पाठवलंय. तुझ्या अक्षरात लिहिलंय, सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याला सत्तर अँपिअर. पत्रा जोडायचाय की सूप करायचंय?"

"मी तुझ्या शिवणीची रुंदी मोजली होती. चार मिलिमीटर. त्यावरून हिशेब काढला."

"मोजलीस कधी?"

"घासण्याआधी."

"म्हणजे आधी मोजलीस आणि मग घासलीस."

"हो."

मी उगाच फोनच्या आवाजाचं बटण दाबत राहिलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "घासायला नको होती. कामात काही कमी नव्हतं."

हे वाक्य मी साडेतीन वर्षांत बऱ्याच वेळा मनात जुळवलं होतं. तेव्हा ते लांब होतं आणि त्यात माझ्या बाजूचे तीन मुद्दे होते. बाहेर आलं ते एवढंच.

"खरंच एकसष्ट पट्ट्या केल्यास?" तिने विचारलं. आवाज बदललेला होता.

"खरंच. तारखा आहेत."

"त्यातली बरी कुठली?"

"एकोणचाळिसावी. पहिले तीन सेंटिमीटर."

ती हसायला लागली. मग मीही. छातीत दुखेपर्यंत हसलो, ते डॉक्टरीणबाईंनी बंद सांगितलं आहे.

"हात कुठे टेकवतोस?"

"टेकवत नाही. धरतो हवेत."

"अरे देवा! म्हणूनच! करंगळी टेकवायची पत्र्यावर, जाड मोजा घालून, आणि ती सरकवत न्यायची. टाका श्वास सोडताना. आणि पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. लिहून घे."

मी लिहून घेतलं. या कामात मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही शिकवलं, याची इथे नोंद करतो.

"आता शेडचं," ती म्हणाली. "तू मेल्यावर देणार म्हणतोस."

"मृत्युपत्रात तसंच असतं गं."

"मला मेल्यावर नको."

माझा हात टेबलावर होता तो तिथेच राहिला. मी म्हटलं, "बरं. तुझी मर्जी."

"ऐकून तर घे, बाबा! मला आत्ता हवी. गोदीत नोटीस द्यायला महिना लागेल, ते मी बघते. बुधवारी ॲडलेडला पोचते. गुरुवारी तू आत, मी आणि आत्या बाहेर. मग तुला घेऊन घरी. आणि अडतीस नंबर मी परत शिवणार. तुझ्यासमोर. तू खुर्चीत बसायचंस."

"बसतो."

"कानस हातात घ्यायची नाही."

"फक्त कडांना, अगदी हलकी..."

"बाबा."

"बरं."

"शिक्का तुझा तुझ्या गिटारींवर. माझ्या गिटारींवर माझी शिवण पुरे."

मागून वेंडा ओरडली, "तिला विचार, काय खाणार?" टेगन म्हणाली, "पेस्टी. पण लोखंडाशिवाय."

सबब, आज रोजी मी या मृत्युपत्रात खालीलप्रमाणे बदल करतो.

कलम आठ संपूर्ण रद्द. शेड आणि तिच्यातील सर्व सामान मी हयातीतच, बुधवारी, चावी हातात देऊन टेगनला देणार आहे, त्यामुळे ते मृत्यूनंतर द्यायला माझ्याकडे उरत नाही. ॲडलेडला जाताना बसमध्येच काही बरंवाईट झालं तर चावी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. ती काढून तिला द्यावी, आणि मग हे कलम रद्द नाही असं समजावं.

कलम सहामधील आकडा दुरुस्त. माझ्या हातून घडलेल्या गिटारींची संख्या एकेचाळीस नसून चाळीस आहे. क्रमांक अडतीस माझी नाही. तिच्या पाठीतला शिक्का मी आज दुपारी आतून हातोडीने ठोकून बुजवला. ही माझ्या गिटारींच्या इतिहासातली एकमेव ओबडधोबड जागा आहे, आणि ती मी पॉलिश केलेली नाही.

कलम नऊ, नवीन. हे एकच कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर मी वाचलो तर अमलात येईल. टेगन पेंगेली शिवण घालत असताना मी खुर्चीत बसेन. सल्ला देणार नाही. शिवण पूर्ण झाल्यावर तिच्यावरून बोट फिरवण्याची परवानगी मागेन आणि मिळाली तरच फिरवेन. टाके मोजण्याचा हक्क मात्र मी राखून ठेवतो.

वर लिहिलं ते सर्व मी वाचून पाहिलं, खाडाखोडीवर अद्याक्षरं केली, आणि ते मला मान्य आहे. काही ठिकाणी ते मला आवडलेलं नाही, पण मान्य आहे.

साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर, एकाच पेनाने. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा नियम आहे, म्हणून मिसेस ओग्रेडी यांना मी जी शांतता देणार होतो ती देता येत नाही. उलट पुढल्या महिन्यापासून ग्राइंडर पुन्हा चालू होईल, हे त्यांना सही करण्यापूर्वी स्पष्टपणे सांगण्यात आलं. "निदान वाजवायला तरी शिका दोघं," असं म्हणून त्यांनी सही केली.

(सही) रॉड्रिक जेम्स पेंगेली

साक्षीदार:
१. (सही) ग्वेन ओग्रेडी, शेजारीण
२. (सही) लेस्टर क्विल्टी, निवृत्त पोस्टमन

ठिकाण: वायॲला, स्वयंपाकघराचं टेबल
दिनांक: सोमवार, १७ जून २०१९